एका पुरुषाचे दोन रिपोर्ट

वळूसाहेब रोज सकाळी साडेआठला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावत आणि अकरा वाजेपर्यंत कोणाची लायकी काय, हे ठरवून मोकळे होत. गोठित रेत केंद्रात चाळीस वळू होते. वळूंचं रेत पातळ करून, बारीक कांड्यांमध्ये भरून गोठवायचं आणि गावोगावच्या गायींसाठी पाठवायचं, हे केंद्राचं काम. त्यातलं कोणतं पाठवायचं आणि कोणतं मोरीत ओतायचं, हे साहेबांचं. ताज्या नमुन्याचा थेंब काचपट्टीवर आला की साहेब भिंगातून खाली बघत म्हणत, "पास." "पास." "हा काय, झोपलाय काय सगळा?" सलग तीन आठवडे ज्याचा नमुना झोपलेला निघे, त्या वळूच्या कागदावर ते लाल शाईने 'निष्कासित' असा शेरा मारत. वळूला शेरा वाचता येत नसल्यामुळे तो निवांत रवंथ करत राही. दुसऱ्या दिवशी ट्रक येई.

"भावना ठेवून चालत नाही," साहेब म्हणत. "पुढच्या पिढीचा प्रश्न आहे."

नव्याने आणलेल्या वळूंच्या अंडकोषाचा घेर ते स्वतः टेप लावून मोजत. चौतीस सेंटिमीटरच्या खाली भरला, तर जनावर दिसायला कितीही राजबिंडं असो, दारातूनच परत. वळू सांभाळणारा गडी, ज्याला हाडांच्या मानाने मांस फारच कमी असल्यामुळे सगळे पैलवान म्हणत, एकदा चुकून म्हणाला होता, "साहेब, गरीब आहे हो बिचारा, राहू द्या की." त्यावर साहेबांनी त्याला वीस मिनिटं व्याख्यान दिलं. व्याख्यानाचा मथितार्थ असा, की जो नर नराचं एकमेव काम करू शकत नाही, त्याला खाऊ घालणं हा समाजाशी द्रोह आहे.

अशा या न्यायनिष्ठुर माणसाने लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एका रविवारी, केंद्र रिकामं असताना, स्वतःचाही नमुना काचपट्टीवर घेतला. आपलं निर्विवाद यश एकदा डोळ्यांनी बघावं, एवढाच हेतू. भिंगाखाली काहीच नव्हतं. त्यांनी भिंग पुसलं. काचपट्टी बदलली. मोठं भिंग लावलं, त्याहून मोठं लावलं. पावसाळ्यात शाळेचं मैदान ओस पडलेलं असतं, तसं ते वर्तुळ स्वच्छ आणि ओस होतं. आठवडाभराने पुन्हा तेच. महिन्याने पुन्हा तेच. वळूंच्या बाबतीत तीन आठवडे थांबायचा नियम होता. साहेबांनी स्वतःला सहा वर्षं दिली.

त्याच सुमारास बायकोच्या डॉक्टरांनी "मिस्टरांचीही एक साधी तपासणी" सुचवली. इथे दुसरा एखादा माणूस घाबरला असता किंवा खरं बोलला असता. साहेबांनी टाकीतून सर्वोत्तम वळूच्या आठ कांड्या काढल्या, कोमट पाण्यात वितळवल्या आणि बाटलीतून कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये नेऊन दिल्या. लॅबवाल्याचं आयुष्य साखर आणि लघवी तपासण्यात गेलेलं. भिंगाखालची ती चैतन्याची जत्रा पाहून तो दिपून गेला. रिपोर्टवर त्याने 'उत्तम' लिहिलं आणि खाली स्वखुशीने दोन रेघा ओढल्या.

हा रिपोर्ट साहेबांच्या तीर्थरूपांनी प्लास्टिकमध्ये घालून दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवला. तीर्थरूप निवृत्त जन्ममृत्यू निबंधक. दुसऱ्यांच्या जन्माची नोंद करण्यात हयात गेली, त्यामुळे स्वतःच्या घराण्याच्या नोंदींवर त्यांचा विशेष जीव. अकरा पिढ्यांची वंशावळ त्यांनी शाईने काढून भिंतीवर लावली होती. तीत सगळे पुरुष होते. बाई औषधालाही नव्हती. जणू हे अकरा बाप्ये एकमेकांच्या खांद्यांतून फुटून वर आले होते. शेवटची चौकट मुलाची. तिच्याखाली एक रिकामी चौकट पेन्सिलीने आखून ठेवलेली. घरात येणाऱ्या प्रत्येकाला तीर्थरूप आधी कपाटातला रिपोर्ट दाखवत, मग ती चौकट दाखवत, आणि मग स्वयंपाकघराच्या दिशेने बघून उसासा टाकत.

स्वयंपाकघरात सून असे, तीही संध्याकाळी सहानंतर. दिवसा ती वजनमापे निरीक्षक होती. बाजारात तिला निरीक्षकबाई म्हणत आणि ती येताना दिसली की निम्मे दुकानदार काउंटरखालची वजनं बदलत. तळाशी भोक पाडून हलकं केलेलं वजन ती नुसतं हातात घेऊन ओळखत असे. बाजारातला पाच ग्रॅमचा खोटेपणा तिच्या नजरेतून सुटत नसे. घरातला नव्वद किलोंचा सहा वर्षं सुटला, कारण घरात येताना ती तराजू बाहेर ठेवत असे. काही माणसं नवऱ्यावर विश्वास ठेवतात. खुळी सवय, पण असते.

या सहा वर्षांत तिच्या नळ्यांमध्ये रंग सोडून बघून झालं. चौदा महिने गोळ्या झाल्या. त्यांनी तिचे केस गळले आणि चेहरा सुजला. इंजेक्शनं झाली. पोटाला भोकं पाडून दुर्बिणीने आत बघायची तीन ऑपरेशनं झाली. प्रत्येक ऑपरेशनच्या वेळी साहेब बाहेरच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचत आणि भेटणाऱ्यांना हळू आवाजात सांगत, "काय करणार, तिच्यात दोष आहे. मी काही बोलत नाही तिला." आपण तिला काही बोलत नाही, याचं त्यांना मनापासून कौतुक होतं. खोटं आपण कधी बोललोच नाही, असाही त्यांचा पक्का समज होता. नमुना कोणाचा, असं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

चौथं ऑपरेशन ठरलं पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी.

"करते," जेवताना सून म्हणाली. "पण त्याआधी मोठ्या हॉस्पिटलात दोघांची तपासणी. एकदाच."

"दोघांची?" तीर्थरूपांचा घास हातातच राहिला. "अगं सूनबाई, त्याचा रिपोर्ट आहे की कपाटात!"

"सहा वर्षांपूर्वीचा आहे, बाबा. दुकानातल्या काट्यालासुद्धा आम्ही दर वर्षी नवा शिक्का मारतो."

"माझा मुलगा म्हणजे दुकानातला काटा आहे का?"

"नाही ना. म्हणून तर सहा वर्षं कोणी तपासला नाही."

साहेब पाणी पीत होते, त्यांना ठसका लागला. नाही म्हणावं तर संशय, हो म्हणावं तर घोटाळा. शेवटी त्यांनी उदार चेहरा केला. "तिच्या मनाचं समाधान होत असेल तर जाऊ या. मला काय!" आणि त्याच क्षणी मनातल्या मनात त्यांनी सव्वीस नंबरच्या वळूच्या कांड्या टाकीच्या कितव्या कप्प्यात आहेत ते आठवायला घेतलं.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, आणि बोलणं असं की समोरच्याला आपण रांगेत चुकीच्या खिडकीशी उभे आहोत असं वाटावं. कपाटातला रिपोर्ट त्यांनी दोन बोटांत धरून वाचला.

"खाली रेघा कशाला मारल्यात?"

"उत्तम आहे म्हणून," साहेब म्हणाले.

"हं. पडद्यामागे चला."

पडद्यामागे डॉक्टरीणबाईंनी खिशातून लाकडी मण्यांची एक माळ काढली. मणी लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीने. ते कशासाठी आहेत हे साहेबांना क्षणात कळलं आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांच्या केंद्रात याच कामाला टेप होती. बाईंनी एक मणी धरला, सोडला, त्याच्या आधीचा धरला, सोडला, त्याच्याही आधीचा धरला.

"लहान आहेत," त्या म्हणाल्या.

"पण रिपोर्टमध्ये तर..."

"रिपोर्ट नंतर. मी आत्ता तुम्हाला तपासतेय."

बाहेर येऊन त्यांनी कागदावर लिहायला सुरुवात केली. हॉर्मोन. नव्याने नमुना, इथेच, परवा सकाळी. आणि वाय गुणसूत्राची तपासणी.

"ते काय असतं?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"पुरुषाला पुरुष करणारं गुणसूत्र. बापाकडून मुलाला मिळतं, दुसऱ्या कोणाकडून मिळतच नाही. दिसायला अगदीच चिमुकलं, आणि त्यावर जनुकंही मोजकीच. पण त्याच्या लांब बाजूला तीन पट्टे असतात, तिथली जनुकं शुक्राणू तयार करायचं काम चालवतात. एखादा पट्टा गळालेला असेल, तर बाकी माणूस ठणठणीत, आणि ते काम बंद."

"ते कळतं कसं?"

"रक्तातून. आत्ता काढू या."

आणि इथे साहेबांनी आयुष्यातली मोठी चूक केली. त्यांच्या धंद्यातलाच माणूस करील अशी. त्यांनी हसत बाही वर केली. वीस वर्षं भिंगाखाली थेंब बघून त्यांची खात्री झाली होती की नराचं जे काही खरंखोटं आहे, ते त्या थेंबात. थेंब आपल्या हातात, म्हणजे निकाल आपल्या हातात. रक्त म्हणजे काय? लाल पाणी. रक्त काय चुगली करणार! डॉक्टरीणबाईंनी स्वतः सुई टोचली, नळीवर स्वतः चिठ्ठी चिकटवली आणि साहेबांची सही घेतली. साहेबांनी ती झोकात केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहालाच ते केंद्रात हजर झाले.

"आज लवकर, साहेब?" पैलवानने विचारलं. त्याच्या हातात पेंडीची बादली होती.

"काम आहे."

सव्वीस नंबरच्या आठ कांड्या नायट्रोजनच्या टाकीतून निघाल्या, सदतीस अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट पोहल्या, टोकं कापून एका चिमुकल्या बाटलीत रिकाम्या झाल्या. साहेबांनी बाटली चिकटपट्टीने काखेत बसवली, म्हणजे ऊब राहील. हॉस्पिटलपर्यंतच्या प्रवासात त्यांनी डावा हात अंगाला असा घट्ट धरला होता की शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "खांदा निखळलाय का हो?" साहेब म्हणाले, "जुनं दुखणं आहे." बऱ्याच दिवसांनी ते खरं बोलले.

नमुना द्यायची खोली जिन्याखाली होती. प्लास्टिकचं आवरण घातलेली खुर्ची, हात धुवायचं भांडं, 'कृपया शांतता राखा' अशी पाटी आणि प्रवासवर्णनांची जुनी मासिकं. कोणत्या माणसाला इथे प्रवासवर्णन सुचलं असेल, कळत नाही. साहेबांनी काखेतली बाटली काढली, चिकटपट्टीबरोबर मूठभर केसही निघाले, त्यांनी ओठ चावून ते सोसलं. बाटलीतला ऐवज हॉस्पिटलच्या डबीत ओतला. मग, फार लवकर बाहेर पडलं तर बरं दिसणार नाही म्हणून, एका दीपगृहाविषयीचा लेख वाचत पंधरा मिनिटं बसले. डबी खिडकीतून आत देताना त्यांच्या चेहऱ्यावर थोडा थकवा आणि बराचसा विजय होता. दोन्ही उसने.

रिपोर्ट आठ दिवसांनी आले. शुक्रवार होता, सोमवारी ऑपरेशन.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा चढवला.

"हा रक्ताचा. वायवरचा पहिला पट्टा नाही. थोडा तुटलाय असं नाही, पूर्ण गायब. दोनदा लावून बघितलं. तुलनेला शेजारी एका धडधाकट पुरुषाचं रक्त लावतो, त्यात सगळं दिसतं. एका बाईचंही लावतो, तिथे वाय नसल्यामुळे सगळं मोकळं. यांच्या रांगेत बाकीचं सगळं आहे, पहिल्या पट्ट्याच्या जागी मोकळं."

"म्हणजे?" निरीक्षकबाई पुढे सरकून बसल्या.

"पुरुष म्हणून काही अडत नाही. दाढी, आवाज, ताकद शाबूत. पण शुक्राणू ज्या मूळ पेशींपासून घडतात, त्या पेशीच वृषणात नसतात. त्यांची उस्तवार करणाऱ्या पेशी तेवढ्या असतात. त्या बसून राहतात आयुष्यभर."

साहेबांना हे त्यांच्या भाषेत फार स्पष्ट समजलं. गोठा आहे, गडी आहेत, वैरण आहे, पाण्याची टाकी भरलेली आहे. वळू एकही नाही.

"यावर औषध?"

"नाही. कापून आत शोधायलाही मी सांगणार नाही, काही सापडत नाही तिथे. हा पट्टा नसलेल्या माणसाच्या नमुन्यात एक, म्हणजे एकसुद्धा शुक्राणू असायला नको." त्यांनी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं. "आणि हा दुसरा रिपोर्ट. एका मिलिलिटरमध्ये आठ कोटी."

त्यांनी दोन्ही कागद निरीक्षकबाईंच्या पुढ्यात सरकवले.

"हे दोन रिपोर्ट एका माणसाचे असूच शकत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त मी स्वतः काढलंय."

"रक्ताचं मशीन चुकलं असेल," साहेब म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "मशीनच ते. नमुना मात्र... नमुना चांगलाच असणार."

"चांगला? थांबा." बाईंनी दारातून हाक मारली, आणि लॅबमधला तपासनीस आत आला. सर्दी झालेला, बारीक मिशीचा, आणि आपल्या कामावर फार प्रेम असलेला माणूस.

"यांना त्या नमुन्याचं सांगा."

"काय नमुना होता, मॅडम!" तपासनीसाचे डोळे चमकले. "मी सगळ्या डिपार्टमेंटला बोलावून दाखवला. आम्ही काय, माणसाच्या नमुन्यात शंभरातले चार धड निघाले तरी पास करतो. बाकीचे कोणी दोन डोक्यांचे, कोणी वाकड्या शेपटीचे, कोणी आपल्याच भोवती फिरतायत. आणि यात शंभरातले ऐंशी एका साच्यातून काढल्यासारखे! डोकी चपटी, वल्ह्यासारखी. तेव्हाच म्हटलं, हा माणसाचा असण्याइतका वाईट नाही." त्याने नाक पुसलं. "शिवाय त्यात अंड्याचा बलक होता."

"काय होता?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

"बलक. अंड्यातला पिवळा. तो काही माणसात तयार होत नाही."

निरीक्षकबाईंनी मान हळूहळू वळवली. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात नवऱ्याने तिला मोठ्या अभिमानाने केंद्र दाखवलं होतं. रेत पातळ कसं करतात, त्यात अंड्याचा बलक का घालतात, हे त्याने इतकं रंगवून सांगितलं होतं की पुढे आठवडाभर तिच्या घशाखाली आम्लेट उतरलं नव्हतं.

"कितवा?" तिने विचारलं.

"काय कितवा?"

"नंबर. कितव्या नंबरचा?"

आणि इतक्या नामुष्कीतही वीस वर्षांची सवय उसळून आली. "सव्वीस," साहेब म्हणाले. थोडे ताठ बसून म्हणाले.

"आणि कपाटातला?"

"तो नाही. तेव्हा त्याचा बाप होता. अकरा नंबर."

तपासनीसाने सर्दीचा आवाज काढला, बहुधा सर्दीचा नसावा. सहा वर्षांत या एकाच घराण्याची वंशवेल पुढे सरकली होती.

"मी जरा बाहेर जाऊ का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा स्वर खाली आला होता.

"नको, बसा," निरीक्षकबाई म्हणाल्या. "आम्ही खोटी वजनं जप्त करतो तेव्हा दोन पंच लागतात. तुम्ही दोघं आहात." मग नवऱ्याकडे न बघता, टेबलाकडे बघत, "तुला माहीत होतं."

'तुला'. लग्नापासून 'अहो' ऐकलेल्या कानांना ते आधी कळलंच नाही.

"कधीपासून?"

"तसं नक्की असं..."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. म्हणजे दुसऱ्या वर्षापासून. पण मला वाटलं, पुढेमागे सुधारेल."

"काय सुधारेल? तू सुधारशील?"

 साहेबांना एकच चिंता लागून राहिली होती आणि तीही त्यांनी बोलून दाखवली. "हे बाबांना सांगायची काही गरज नाही, असं मला वाटतं."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून साखळीवर सोडून दिला. बरंच काही पाहिलेली बाई. पण असल्या वेळी माणसाला आधी बापाची आठवण यावी, हे त्यांनाही नवीन होतं.

घरी तीर्थरूप दारातच उभे होते. "काय म्हणाली ती?"

"काही विशेष नाही," साहेब बूट काढायला वाकत म्हणाले. "दोघांचंही थोडं थोडं..."

निरीक्षकबाईंनी रक्ताचा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि चार वाक्यांत सगळं सांगितलं. सव्वीस नंबरसकट. आवाज चढला नाही, हात हलले नाहीत. पंचनामा वाचावा तसं वाचून त्या खुर्चीवर बसल्या.

तीर्थरूपांनी कागद उलटसुलट केला. जन्मभर दाखले तपासलेला माणूस. सही, शिक्का, तारीख, सगळं बरोबर होतं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली, अकरा चौकटींवरून खाली घसरत आली आणि पेन्सिलीच्या रेघांशी थांबली. आता या म्हाताऱ्याला भोवळ येते की काय, असं वाटलं. तसं काही झालं नाही. असल्या माणसांना भोवळ येत नाही, कारण सुचतं.

"हे हिच्या आईकडचं!" ते सुनेकडे बोट दाखवून म्हणाले, मग बोट मुलाकडे वळलं. "म्हणजे तुझ्या आईकडचं! मी लग्नाच्या वेळीच म्हटलं होतं, त्या घराण्यात काहीतरी किडकं आहे. आमच्याकडे असलं नव्हतंच कधी!"

"बाबा," सून म्हणाली, "आईंकडून जे येऊच शकत नाही, असं हे एकच आहे. ते फक्त बापाकडून येतं. वाटेत पट्टा गळाला असेल. पण आलंय ते तुमच्याकडूनच."

"माझ्याकडून? मला मुलगा झालाय!"

"हो. बघतेय मी."

तीर्थरूप खोलीत दोन फेऱ्या मारून आले. तिसऱ्या फेरीला त्यांचा चेहरा शांत झाला. कार्यालयात एखादी नोंद कशी दडपायची हे सापडल्यावर होत असावा, तसा. दार लावून घेऊन ते खाजगी आवाजात म्हणाले, "हे बघ, सूनबाई. झालं ते झालं. हा कागद आपल्या तिघांच्या बाहेर जायला नको. सोमवारचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे होऊ दे."

"कशाचं?"

"अगं, सगळ्यांना सांगून बसलोय आपण! शेजारी, नातेवाईक, त्याच्या ऑफिसात. आता रद्द केलं तर लोक विचारणार, का रद्द केलं? काय सांगायचं? एवढी तीन झाली, एक अजून. मग म्हणू, डॉक्टरांनी हात टेकले. घराण्याची अब्रू राहील, आणि तुलाही पुढे कोणी त्रास देणार नाही. मी स्वतः बघेन."

निरीक्षकबाईंनी सासऱ्याकडे पाहिलं नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. निदान या एका प्रस्तावाला तो काहीतरी म्हणेल, एवढीच त्यांची अपेक्षा असावी. इतकी कमी अपेक्षा आजवर कोणत्याही नवऱ्याकडून कोणी केली नसेल.

साहेबांनी घसा साफ केला. "दुर्बिणीचंच आहे," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी घरी सोडतात."

त्या उठल्या. फोन घेतला, जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यात लावला आणि दोघांच्या समोर उभं राहून बोलल्या. "सोमवारचं ऑपरेशन रद्द करायचंय. हो, माझंच. नाही, पुढे नको ढकलायला, रद्दच. कारण? मी बरी आहे. पहिल्यापासून बरीच होते." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "नाही, पेशंट घरीच आहे. त्यावर तुमच्याकडे औषध नाही."

मग त्या आतल्या खोलीत गेल्या आणि कपाट उघडल्याचा आवाज आला.

"जाऊ दे," तीर्थरूप हळूच म्हणाले. "चार दिवसांनी येईल. जाते कुठे?"

साहेबांनाही तसंच वाटलं. बायको गेली यापेक्षा सोमवारी काय सांगायचं, याचा त्यांना जास्त घोर होता. शनिवार-रविवार बापलेक यावरच खल करत होते. शेवटी असं ठरलं, की ऑपरेशन झालं असं सांगायचं. बाईमाणूस विश्रांतीला भावाकडे गेली आहे, भेटायला कोणी जाऊ नये, डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. बनाव चांगला होता. त्यात सगळे बसत होते, पुन्हा एकदा ती सोडून.

मंगळवारी सकाळी साडेआठला साहेब केंद्रात आले. चेहऱ्यावर बेतशीर दुःख होतं. पैलवान गोठ्याच्या दारातच भेटला.

"साहेब, बाईंचं ऑपरेशन कसं झालं?"

"झालं," साहेब म्हणाले. "ठीक झालं. थोडं अवघड होतं, पण डॉक्टर चांगले होते. बाकी तिच्यातलाच दोष, काय करणार. मी काही बोललो नाही तिला."

पैलवानने मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिला.

"शुक्रवारी संध्याकाळी बाई भेटल्या होत्या मला," तो म्हणाला. "तुमच्या गल्लीच्या तोंडाशी. माझ्या मेहुण्याचा टेम्पो होता, दोन बॅगा आणि एक पेटी मीच चढवली."

साहेबांच्या चेहऱ्यावरचं दुःख जागच्या जागी गोठलं.

"म्हणाल्या, मंगळवारी साहेबांना ऑपरेशनचं विचार. खरं बोलले, तर मला फोन कर, घरातली पुस्तकं न्यायला मी स्वतः येईन, काय बोलायचं राहिलंय ते बोलेन. आणि 'ठीक झालं' म्हणाले, तर मला कशाला उगाच फोन करतोस, मेहुण्यालाच पाठव." पैलवानने खिशातून फोन काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या हातातली बादली खाली ठेवून तो नंबर शोधू लागला. "मेहुणा दुपारी मोकळा असतो, साहेब. तीनला चालेल ना? घरी कोणीतरी असलं पाहिजे, दार उघडायला."